खिडकीतल्या बाई

माझ्या गळ्यात हिरवी फीत, फितीवर लिहिलेलं : मदतनीस.
दिवसाला चाळीस युरो, जेवण वेगळं.
काम एवढंच :
दूरच्या पाहुण्यांचे टॅबलेट
सुट्टीत टेबलाटेबलावर फिरवायचे,
चार्ज बघायचा, काचेवरचे ठसे पुसायचे,
आणि कुणी बोलत असेल तेव्हा
आपण तिथे नाहीच असं उभं राहायचं.

रिगामधली लोकरीची परिषद.
निम्मे लोक खुर्च्यांत, निम्मे काचांत.
माझ्या वाट्याला आल्या निदिया एचेवेरी,
उरुग्वेतल्या, अकराशे मेंढ्यांच्या मालकीण.
इथे सकाळचे दहा, तिकडे पहाटेचे चार,
अंगावर घोंगडी,
भोपळ्याच्या वाटीत कसला तरी कडू पाला, वर नळी,
आणि मागच्या खिडकीत मिट्ट काळोख.

आधी यंत्राने जोड्या लावल्या.
माणशी तीन मिनिटं, कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ.
इल्मार्स वीतोलिन्श, त्सेसिस गावचे, नमदे बनवणारे.
दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं.
"किती मायक्रॉन?"
"साडेएकोणीस. पण आकडा राहू द्या, हे बघा"
म्हणत बाईंनी पुंजका कॅमेऱ्यापुढे धरला.
काचभर पांढरं धुकं.
इल्मार्स यांचा हात आपसूक पुढे झाला,
चिमूट काचेवरून घसरली,
आणि घड्याळ शून्यावर.
पुढच्या माणसाला कापूस हवा होता,
तो चुकून आला होता.

काचेवर त्या चिमटीचा ठसा राहिला.
मी पुसला. कामच ते.

जेवणाच्या सुट्टीत घोटाळा झाला.
काखेत टॅबलेट आणि सभागृहाला वळसा,
रिकामं टेबल सापडेना,
माझं सूप गार होत चाललेलं.
शेवटी बाईंना ठेवलं खिडकीच्या कट्ट्यावर,
तोंड दौगावा नदीकडे, पाठ धंद्याकडे,
आणि विसरले.
साफ विसरले.

चाळीस मिनिटांनी धावत आले तर
शेजारी इल्मार्स बसलेले,
मांडीवर रुमाल, रुमालात घरचा काळा पाव.
गर्दी सोसत नाही म्हणे.
लोकरीबद्दल अवाक्षर नाही.
बाई सांगत होत्या एका लंगड्या मेंढीबद्दल,
जी कळप यायच्या आधीच फाटकाशी येऊन उभी राहते.
ते विचारत होते, तिला नाव आहे का?
आहे. पण परक्याला सांगत नाही आम्ही.
मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
पुलाखालून एक मालवाहू होडी गेली,
ती दोघांनी पाहिली,
एकाने काचेच्या अलीकडून,
एकीने बारा हजार किलोमीटरवरून.
मधेच चित्र गोठलं, बाईंचा एक डोळा अर्धा मिटलेला.
इल्मार्स यांनी घास हातातच धरला,
समोरच्याला ठसका लागला की थांबतो आपण, तसा.

मी माफी मागितली.
बाई म्हणाल्या, "पोरी,
चार वर्षं येतेय मी अशी.
सगळ्यांनी मला मंचच दाखवला."

संध्याकाळच्या नोंदवहीत लिहिलं :
उपकरण एक, देखरेखीविना चाळीस मिनिटं.
दहा युरो कापले गेले.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा तीच फीत, तेच सूप.
इल्मार्स आपणहून माझ्याकडे आले.
ऑगस्टमध्ये पार्सल आलं होतं म्हणाले,
सुतळीने बांधलेला पुंजका, चुलीच्या धुराचा वास,
आणि चिठ्ठीत एकच शब्द.
किंमत? मी विचारलं.
नाही. मेंढीचं नाव.
काय आहे?
ते नुसते हसले,
टॅबलेट माझ्या हातून काढून घेतला
आणि दोन्ही हातांनी सांभाळत, भरलं ताट न्यावं तसे,
खिडकीकडे निघाले.

चार्ज तेवढा बघा,
मी मागून ओरडले.