ओरखडा कुठे आहे

डेटनच्या नाणे-मेळ्यात, नळीच्या दिव्यांखाली,
ॲर्डिथ क्लोट्झने डबी पुढे सरकवली:
मॉर्गन डॉलर, चौसष्टचा दर्जा,
लिबर्टीच्या गालावर बारीकशी रेघ.

"तेवढ्यापायी चाळीस कमी द्या," ती म्हणाली,
"नवऱ्याचं होतं. मला यातलं कळत नाही."

मी भिंग लावलं, डबी जराशी कलती केली.
रेघ सरकली,
गाल जागीच राहिला.
म्हणजे चरा प्लास्टिकवरचा.
नाणं टांकसाळीतून आलं तसं.

सांगायला तोंड उघडलं,
आणि "हं" म्हणालो,
दुखऱ्या दाढेपाशी डॉक्टर म्हणतो तसं.

नोटा मोजायला तिने चष्मा शोधला.
गळ्यातच लटकत होता.

रात्री टेबलाशी बसून
मी डबी कलती करतो.
रेघ हलते.
ते चाळीस डॉलर
जागचे हलत नाहीत.