खळं

मिरजेत दवाखाने इतके, की रिक्षावाला
"कुठं जायचं?" विचारत नाही, "काय होतंय?" विचारतो.
त्यातल्याच एकाच्या तळघरात माझी लॅब.
सव्वासातला इन्क्युबेटरचं दार उघडते.
आतून ऊब येते, आणि वास,
संध्याकाळपर्यंत न धुतलेल्या शाळेच्या डब्याचा.

बाळगोंडा मगदूम, वय एकोणऐंशी, बेड अकरा, लघवी.
तीन थाळ्यांवर रात्रभर साय धरलीय,
त्यावर काल मी मांडलेल्या औषधाच्या सोळा टिकल्या,
साबुदाण्याहून थोड्या मोठ्या.

औषध लागू असेल तर टिकलीभोवती
जंतू हटतात, गोल मोकळी जागा राहते.
पुस्तकात तिला झोन म्हणतात. मी खळं म्हणते.
चंद्राला खळं पडलं की म्हैसाळच्या पंपावरून
रात्रपाळी करून आलेले वडील सांगायचे,
खळं लांब, पाऊस जवळ.
मी खळी मिलिमीटरमध्ये मोजते, पोटासाठी.

आज पट्टी खिशातून काढली, तशीच परत ठेवली.
साय टिकल्यांना भिडलेली.
काही टिकल्यांवर तर चढलेली.
रजिस्टरात आर लिहिला. आर. आर. आर. पंधरा वेळा,
पोर बालवाडीत एकच अक्षर पानभर गिरवतं तसा.
सोळाव्या टिकलीला एक कड होती, कापलेल्या नखाएवढी.
ते औषध चालेल म्हणा,
पण बदल्यात किडनी मागतं.

मगदूम आले बुधगाव रस्त्याच्या वृद्धाश्रमातून.
तिथं गेले होते आमच्याच आयसीयूतून,
आयसीयूत आले होते तिथूनच.
सहा महिन्यांत चार फेऱ्या.
दर वेळी फाईल नवी, केसपेपर नवा.
जंतू जुना.
त्याचं नाव कुठल्या रजिस्टरात चढत नाही,
त्याला डिस्चार्ज कोण देणार?

त्या आश्रमात रात्री शालन ऐवळे एकटी असते,
बावीस म्हातारी माणसं आणि मोजून दिलेले हातमोजे.
मगदुमांची पिशवी रिकामी करते,
तशीच वळून लोंढेबाईंचं पांघरूण सारखं करते,
कपाळाला हात लावून बघते.
मायेनंच करते.
जंतूला मायेचं वावडं नाही.

तिला बोल लावणार होते,
तर माझा ड्रॉवर आठवला.
दोन गोळ्या खाऊन तीन उरलेलं पाकीट,
मुलीचा ताप उतरला तशी विसरलेली गुलाबी बाटली.
आणि भावाची पोल्ट्री,
तिथं पाण्यात कालवतात ती पांढरी पुडी,
कोंबड्या आजारी नसताना.
मी विचारलं होतं एकदा. तो म्हणाला, तू तुझं बघ.

वॉर्डला फोन लावला.
"बेड अकरा वेगळा करा. लगेच."
"कुठला अकरा, मॅडम? आजोबा गेले की पहाटे.
अकरावर तासगावचा पोरगा आहे,
गाडीवरून पडलेला. मांडीत रॉड घातलाय."
"चादर?"
"बदलली."
"कठडा पुसला?"

पलीकडं कुणीतरी कुणाला तरी चहाला हाक मारत होतं.
पाळी सुटत होती.
"हॅलो," मी म्हटलं. "सिस्टर, कठडा."
"पाठवते कुणाला तरी."

मगदुमांच्या रिपोर्टवर सही केली,
तारीख घातली, वेळ घातली.
थाळ्या ऑटोक्लेव्हच्या पिशवीत टाकल्या.
कोपरापर्यंत हात धुतले, मनात वीस मोजत,
अकराशी चुकले, पुन्हा एकपासून मोजले.

मग बाटली आणि फडकं घेऊन
जिना चढायला लागले.
तीन मजले. गुडघा दुखतो माझा.
कठड्याला हात न लावता.