सालाच्या रकान्यात

केटरिंगमध्ये, रॉकिंगहॅम रोडच्या कोपऱ्यावर
आमची लॉण्ड्री. नऊ मशिनं, चार ड्रायर.
ड्रायर खातात फक्त वीस पेन्सची नाणी.
रविवारी रात्री मी पेट्या उपसते,
ती सातकोनी चिल्लर टेबलावर ओतते
आणि तांदूळ निवडावेत तशी निवडते:
एखादं बटण, एखादा युरो, एकदा कुणाचा तरी दात.

त्या रात्री एक नाणं लागलं
ज्याच्यावर साल नव्हतं.
छाप्याकडे नाही, काट्याकडे नाही.
चष्मा पुसला. तरी नाही.

डोरीन म्हणाली, पेटिफरकडे ने.
मासळीवाल्याच्या वर त्याचं दुकान,
जिन्याला ओल्या कोटांचा वास.
त्याने डोळ्याला भिंग लावलं,
नाणं कडेने धरलं
(अंगठा लावू नका, भाव उतरतो)
आणि बराच वेळ बोललाच नाही.

मग म्हणाला, दोन हजार आठला नक्षी बदलली.
साल आधी मागच्या बाजूला असायचं, ते पुढे आलं.
टाकसाळीत कुणीतरी पुढचा जुना ठसा
मागच्या नव्या ठशाशी जोडला.
दोन्ही बाजूंना वाटलं, साल दुसरीकडे असेल.

मी हसले. त्याला कळलं नाही का.

आईला वाटलं, तात्या शाळेत सांगतील.
तात्यांना वाटलं, आईने सांगितलंच असेल.
गोंधळेकर मास्तरांनी टाक बुडवला
आणि लिहिलं, एक जून.
माझ्या पुढे बसायची तिचीही एक जून.
मागच्या दोघींचीही.
तालुक्यात सुईण जणू एकदाच येऊन गेली.

आई म्हणायची, तू शेंगा काढायच्या दिवसांतली,
गावात वीज आली त्याच्या अलीकडची की पलीकडची
ते मात्र आठवत नाही, बाई.
पासपोर्ट, पेन्शन, मणक्याचं ऑपरेशन,
सगळं त्या एक जूनवर निभावलं.
डोरीन दरवर्षी लिंबाचा केक करते.
मी फुंकर मारते.
खोटं नाणं, पण चालतं.

पेटिफर अजून बघतच होता.
काहीजण साल घासून काढतात, म्हणाला,
मग त्याचे वीस पेन्सच.
मुळात उमटलंच नसेल, तर पन्नास पौंड.
पुसलेलं आणि न लिहिलेलं
नुसत्या डोळ्यांना सारखंच दिसतं.
भिंगाखाली ओरखडे बोलतात.

हे गुळगुळीत आहे. खरं आहे.

घासाघीस झाली. पंचेचाळीसवर ठरलं.
तीन नंबरच्या ड्रायरचा पट्टा येईल तेवढ्यात.
पावती लिहिताना तो रकाने भरत गेला,
देश, किंमत, धातू,
आणि सालाच्या रकान्यात
पेन जराही न अडखळता
एक आडवी रेघ ओढून पुढे गेलं.

एवढंच करायचं होतं होय.

पावतीला घडी न घालता
मी ती पर्समध्ये ठेवली.