कोपराचं माप

रुवीत, बलुची न्हाव्याच्या दुकानाला लागून
माझं शिलाईयंत्र बावीस वर्षं एकाच फरशीवर उभं आहे.
गणवेश, पडदे, अबायाची लांबी,
आणि उन्हाळा लागला की डिलिव्हरीच्या पोरांची जॅकेटं.

परवा हेमकांत खैरनार आला, आमच्या पारोळ्याकडचा.
कुबडी दाराशी टेकवली
आणि जॅकेट टेबलावर ठेवलं,
आजारी माणसाला खाटेवर निजवावं तसं.
"अण्णा, एवढं नीट करून द्या."

मी आधी कापडाला विचारतो, माणसाला नंतर.
डाव्या बाहीवर खांद्यापासून मनगटापर्यंत
घासल्याची पांढरी वाट,
पण आत अस्तराला चुरगळाही नाही.
कोपराशी शिवण तिहेरी.
ज्या कुणी घातली, त्या हातांना मनातल्या मनात नमस्कार केला.
बगलेत मात्र एकेरी होती. ती उसवलेली.

"कुरियातचा रस्ता. आदल्या दिवशी ओढा वाहून गेलेला,
वळणावर खडी उरली होती.
चाळीस मीटर घसरलो. नंतर पोलिसांनी मोजलं."

"आणि पँट?"

"जीन्स. शुक्रवार होता हो, नाश्त्यालाच तर चाललो होतो."
त्यानं पायजमा वर केला.
मांडीची कातडी नडगीवर आणून जोडलेली.
टाका बारीक, डॉक्टरचा हात चांगला,
पण ठिगळ ते ठिगळ.
"जीन्स पहिल्या दोन मीटरमध्येच गेली, अण्णा.
उरलेले अडतीस माझ्या अंगावरून गेले."
पायात कापडी बूट होते.
त्यातला एक अजून सापडलेला नाही.

पिशवीतून हेल्मेट काढलं.
हनुवटीच्या जागी बोट जाईल एवढी खाच.
"हे माझं तोंड," म्हणाला, आणि खाचेतून बोट फिरवलं.
हे काही शिवता यायचं नाही, मी म्हटलं.
"शिवायचंही नाही, घालायचंही नाही. एकदा आपटलं की त्याचं काम संपलं.
बायको म्हणते, यात कोथिंबीर लावू."

मग बाहीतून कोपराचा पॅड काढून हातात दिला.
मधोमध तडा.
"याचं माप घ्या. असलाच दुसरा बसवा."

टेप लावली आणि हात तिथंच थांबला.

असले पॅड माझ्याकडे होते. चार.

चाचा, बहुत गरम होता है, म्हणायची पोरं.
जून महिना, पारा सत्तेचाळीस, पाठीवर बिर्याणीची पेटी.
मी पॅड काढून द्यायचो, तीनशे बैसा.
बाही अर्धी करायचे पाचशे.
काम सफाईचं, कापलेलं कुठं कळायचं नाही.
बहुतेक जण पॅड खिशात घालून न्यायचे,
टेकबहादुरनं आणि रकीबनं इथंच सोडले.
शिंप्याला चिंधीसुद्धा टाकवत नाही.
यंत्राच्या चार पायांखाली चार सरकवले.
काय गप्प झालं होतं यंत्र!
न्हावी येऊन विचारून गेला, नवं घेतलंस का.
हादरे सगळे खाली
पोरांची कोपरं गिळत होती.

हेमकांतला म्हटलं, पॅड बाजारातून आण,
बगलेची शिवण मी तिहेरी करून ठेवतो.
का, ते त्यानं विचारलं नाही.

रात्री शटर ओढून यंत्र उचललं.
टेकबहादुरला त्याचे दोन परत बसवून दिले,
पाठीला जाळीचं कापड लावलं, वारा लागावा म्हणून.
पैसे घेतले नाहीत. त्याला वाटलं, चाचा आजारी आहे.

रकीबचा फोन लागत नाही.
कंपनी बदलली असेल.
चितगावला गेला असेल.
त्याचे दोन कागदात गुंडाळून खणात ठेवलेत,
वर खडूनं नाव.
त्याची अर्धी बाही मीच कापली होती. उरलेली अर्धी
कुठल्या उशीत भरली, आठवत नाही.

यंत्र आता पुन्हा थरथरतं.
कात्री टेबलावरून इंच इंच सरकत
कडेला येते.
शिवता शिवता, न बघता,
मी डावा हात पुढे करतो.