शंभराला एक

उद्यमनगरात चाळीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले.
पंपाची बॉडी, मोटारीचं झाकण, चरकाचा दाता,
सगळं आधी माझ्या सागवानात जन्मलं,
मग काळ्या वाळूत, मग लोखंडात.

लोखंड थंड होताना आकसतं.
म्हणून लाकूड शंभराला एक जास्त धरायचं.
बंडू मेस्त्रीनं पहिल्याच दिवशी पट्टी हातात देऊन सांगितलं,
जे पुढं आकसणार, ते आजच मोज, शांतवन.

लाकूड मोजलं.
बाकीचं राहिलं.

कधी सुरू झालं, नीट आठवत नाही.
बहुतेक एका शनिवारी, भट्टी पेटायच्या घाईत,
कडेला नखाएवढा उंचवटा राहिला होता.
पॉलिशपेपर हातात होता. वेळही होता, खरं तर.
म्हटलं, चालतंय की.

आणि चाललं. हेच वाईट झालं.
त्या रात्री छप्पर अंगावर पडलं असतं
तर मी सुधारलो असतो.
पण रविवारी, कामावर जायच्या आधी, उपासनेला
मी नेहमीच्या तिसऱ्या बाकावर होतो,
गीताला आवाज खडा लागला,
प्रभुभोजनाचा पेला हातात हलला नाही.

मग सकाळची प्रार्थना सायकलवरच उरकू लागली,
दसरा चौकाच्या सिग्नलला आमेन.
भावाचं पत्र आलं, माफी मागणारं,
ते कपाटावर ठेवलं, सवडीनं लिहू म्हणून.
मार्थाला जिना चढताना धाप लागायची.
मंगळवारी दाखवू, म्हणालो.
किती मंगळवार गेले, विचारू नका.
शेवटी एका मंगळवारीच तिला सीपीआरला नेलं.
डॉक्टर म्हणाले, आधी आणायचं होतं.
वाक्य अगदी मापातलं होतं,
शंभराला एकही जास्त नाही.

परवा जेरुशा चित्र रंगवत बसली होती.
रंग रेषेबाहेर गेला.
मी म्हटलं, पुसून घे की बाळा.
मान वर न करता ती म्हणाली, चालतंय की.
शेवटचं अक्षर तसंच उचललेलं, माझ्यासारखं.
बाहेर ओट्यावर सुबोध फोनवर कुणाला तरी
तेच सांगत होता.

पॅटर्न एकच असतो. ओतीव हजार निघतात.

पाळकसाहेब म्हणतात, क्षमा झाली की सगळं धुऊन निघतं.
विश्वास आहे माझा. रडलोय मी त्या विश्वासावर.
पण कागलला, गडहिंग्लजला, कुठल्या कुठल्या विहिरींवर
ते नखाएवढे उंचवटे अजून फिरतायत,
एकेक बेअरिंग खात.
त्यांना माघारी कोण बोलावणार?
उपवासकाळात हेच विचारत बसतो.
उत्तर आलं नाही. रागावणंही आलं नाही.

प्रभू, तूही सुतार.
नासरेथातल्या त्या वर्षांबद्दल
कुणी फारसं लिहून ठेवलं नाही.
मला तीच वर्षं दाखव.
पाण्यावर चालणं राहू दे,
माझे गुडघे तसेही गेलेत.
दुकानाचं दार उघडताना तू काय म्हणायचास,
रंध्याला धार कधी लावायचास,
आणि बैलाच्या मानेला टोचू नये म्हणून
तयार झालेल्या जुवावर
पुन्हा एकदा हात फिरवायचास का,
गिऱ्हाईक दारात खोळंबलेलं असताना?

आज सोमवार. उद्यमनगर बंद, भट्ट्या गार.
माळ्यावरून एक जुना पॅटर्न काढला,
जेरुशाच्या हातात पॉलिशपेपरचा तुकडा दिला.
किती वेळ घासायचं, आजोबा?
बोटाला विचार, म्हटलं.
पाच मिनिटं घासलं तिनं, मग खेळायला पळाली.
मी घासत राहिलो, लाईट लागेपर्यंत.

कपाटावरचं पत्र काढलंय.
कागद पिवळा पडलाय, पत्ता वाचता येतोय.
भाऊ आहे अजून, इचलकरंजीत.

डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवला.
लागतंय. अजून लागतंय.
उद्या मंगळवार.