डावं मनगट

कुताइसीत, रिओनी नदीच्या काठी,
शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही दोघं रात्रपाळीला.
लामारा, भूगोल शिकवून निवृत्त झालेली,
आणि मी, तिचा एकेकाळचा नापास विद्यार्थी.

लोक पाठवतात ते आम्ही तपासतो.
पूल वाहून गेला. टाकीत विष कालवलं.
उद्यापासून बँका बंद,
कुणाच्या तरी मेहुण्याला आतून कळलंय.

राजमा निवडावा तशी
ती फोटो निवडते, पडद्याला नाक लावून.
"आधी सावली बघ," म्हणते,
"माणसं शिकली,
सूर्याला अजून खोटं बोलता येत नाही."

पुलाचंच घ्या.
बातमी म्हणते, आज पहाटे.
सावल्या पूर्वेकडे लांबलेल्या, म्हणजे दिवस कलता.
काठावरचे चिनार निष्पर्ण,
आणि खिडकीबाहेर आमचा जून, घामाघूम.
तरी तिने ओतियाला फोन लावला.
पुलापाशी त्याची पावाची भट्टी.
"पूल?" तो जांभई देत म्हणाला,
"आहे की जागेवर. आत्ताच पिठाची पोती आली त्याच्यावरून.
का, कुणाला हवाय?"

वहीत तिने लिहिलं: खोटं. मूळ स्रोत: अमुक गाव, अमुक साल.
शिसपेन्सिलीने. शाईने ती काहीच लिहीत नाही.

मग आला तो फोटो.
ट्रॅब्झॉनचा मासळीबाजार, गर्दी,
गर्दीत राखाडी कोटातला एक माणूस
कॅमेऱ्याकडे अर्धवट बघणारा.
खाली मजकूर: हा जिवंत आहे.
पत्ता हवा असेल तर आधी एवढे पैसे, या खात्यावर.

जुंबेर. तिचा धाकटा भाऊ.
सहा वर्षांपूर्वी जहाजावरच्या कामाला गेला तो गेलाच.

लामाराने चष्मा काढला, पुसला,
पुन्हा पुसला.
"तू बघ," म्हणाली. "मला नको विचारूस."

मी बघितलं.
सावली बरोबर. छपरांवर दव, हवा मार्चची,
मजकूरही मार्चचाच म्हणत होता.
माशांच्या टोपल्यांवरची अक्षरं तिकडचीच.
मी भरभर बघत होतो, खरं सांगतो,
पुलाला मी सतरा प्रश्न विचारले होते,
या माणसाला एकही धड विचारला नाही.
ऐकावं जनाचं, करावं मनाचं, म्हणतात,
पण त्या रात्री माझं मनच
सगळ्यांच्या आधी दार उघडून उभं होतं,
हातात कंदील घेऊन.

"खरा वाटतोय," मी म्हणालो.

ती बराच वेळ गप्प.
खालच्या दुकानात उंदीर कापडात खुडबुडला.
"घड्याळ कुठल्या हातात आहे?"
"डाव्या," मी म्हणालो,
"सगळ्यांचं असतं तसं."

"तो डावरा होता," लामारा म्हणाली.
"घड्याळ उजव्या मनगटावर बांधायचा.
वडिलांनी किती वेळा मारलं त्यासाठी."

फोटो मी उलटा केला, आरशात धरल्यासारखा.
कोटाच्या गुंड्या आपापल्या बाजूला गेल्या,
भांग सरकला,
घड्याळ घरी परतलं.
मग तिने खणातून एक पाकीट काढलं,
पाकिटातून बातुमीच्या धक्क्यावरचा जुंबेर:
तोच कोट, तेच अर्धवट बघणं,
मागे बाजार नाही, नुसता समुद्र.
कॅमेरा तिनेच धरला होता.
वाट बघून थकल्यावर, तिसऱ्या वर्षी,
तो तिनेच सगळ्या जगापुढे ठेवला होता:
कुणी पाहिलंय का याला?

कुणीतरी पाहिलं होतं.
नीट, सावकाश,
कात्रीने कापण्याइतकं जवळून.

मी चहा ठेवायला उठलो, कारण
दुसरं काय करतात मला माहीत नव्हतं.
परत आलो तर वही उघडी.
खोटं, असं लिहिलेलं, शिसपेन्सिलीनेच,
आणि त्यापुढे, तिच्या फळ्यावरच्या ठसठशीत अक्षरात,
मूळ स्रोत: मी.

ती पुढच्या फोटोवर होती.
कुठेतरी धरण फुटलं म्हणे.
"सावली बघ," म्हणाली,
आवाज थोडा बसलेला,
आणि मी खुर्ची पुढे ओढली.