एकशे अठ्ठावन्न ग्रॅम

टॉवेलच्या कारखान्याच्या काचेवर ती आदळली
आणि बावीस माग धडधडत असतानाही
तो आवाज मला वेगळा ऐकू आला.
शिक्रा. मादी. उजवा पंख लोंबता.
वनरक्षक भडकुंबेंनी शिक्क्याचा कागद दिला:
पंख भरेपर्यंत सांभाळायची,
उडवून दम आणायचा, मग नान्नजच्या माळावर सोडायची.
‘पोपट नाही हा. नाव ठेवू नकोस.’
मी तिला ठेवलं नाही.
गल्लीने मला ठेवली, पुष्कळ.

विजापूर वेशीत हुसेनसाब बाजदार
सायकलींची पंक्चर काढतात.
बाज गेला, आडनाव राहिलं.
पणजोबा कुठल्याशा संस्थानाच्या पदरी होते,
त्यांचा चामडी दस्ताना
पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात.
एकच. उजव्या हाताचा.

‘पहिला धडा,’ ते म्हणाले, ‘काही करायचं नाही.’
बसायचं. कोपर बरगडीला, मूठ छातीसमोर.
खोकायचं नाही. तिच्या डोळ्यांत बघायचं नाही.
रात्री दोनला मी बघितलं.
ती झेपावली, पायबंदाला उलटी लटकली,
सगळी नुसती फडफड आणि नख्या.
‘डावा तळवा छातीखाली घाल. उचल. बसव.
शंभरदा पडेल, शंभरदा उचल,
एकदाही चिडू नको.’
मी मोजत होते.
एकोणचाळीसनंतर मला झोप लागली.
तिला नाही.

मग डाव्या हाताचा संसार.
डाव्याने भाकरी मोडली, डाव्याने कालवण,
आई तेलुगूत ओरडली, मग मराठीत,
मग स्वतःच घास करून भरवू लागली.
सोलापुरी चादरीवरच्या मोरावर
पांढरी पिचकारी. धुतली. पुन्हा पिचकारी.
एका सकाळी तिने पिसांची गोळी ओकली.
मी चप्पल न घालता वेशीपर्यंत पळाले.
हुसेनसाब हसले, ‘मुबारक. हाजमा दुरुस्त आहे.’

चटणीवाल्या अंबुबाईंचा काटा उसना आणला.
रोज संध्याकाळी वजन, वहीत तारखेपुढे.
एकशे सत्तरला ती राजकन्या, ओळखच देत नाही.
एकशे बावन्नला नुसती पिसं.
मधे कुठेतरी
ती माझ्याकडे बघते ती जागा आहे
आणि ती जागा काल होती तिथे आज नसते.
सातव्या रात्री तिने मुठीवरचं मांस तोडलं.
पंखांचा तंबू करून, माझ्यापासूनच लपवून,
माझ्याच हातावर.

मागावरचं चौपदरी सूत वळून दोरी केली.
बंद गिरणीच्या आवारात
आधी हातभर, मग वीस हात, मग पन्नास.
शिट्टी, आणि जमिनीला घासून येणारं ते राखाडी काहीतरी,
शेवटच्या क्षणी वर उचललं जाणारं.
मनगटाला धक्का बसला
की मला माझं वय आठवायचं नाही.

‘तुम्ही पहिली कधी उडवली?’
ते ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होते.
‘मी? एकही नाही.
आजा सांगायचा, मी ऐकायचो.
माझ्याकडे नुसते शब्द, पोरी.
पाखरू तू आणलंस.’
बुडबुडा सापडला. त्यांनी तिथे बोट ठेवलं.

नान्नज. वाळलेलं गवत, लांब दोन काळविटं.
मी दस्ताना हुसेनसाबांच्या हातात चढवला.
भडकुंबे जीपच्या टायरकडे बघू लागले.
ती झेपावली, लटकली,
आणि त्यांचा डावा तळवा
कोणी न सांगता तिच्या छातीखाली गेला.
बसली.
त्यांना एकही शब्द आठवेना.

पायबंद मी कापले. कात्री सुताचीच.
ती बाभळीवर बसली, पिसं झाडली,
एकदा वळून पाहिलं. माझ्याकडे की मुठीकडे
हे मला आजही सांगता येत नाही.
शिट्टी ओठांपर्यंत आली होती.
ती तिथेच चावून धरली, ऊन उतरेपर्यंत.

काटा परत करायचा राहिलाय. अंबुबाई रोज विचारतात.
वहीत शेवटचा आकडा एकशे अठ्ठावन्न.
खाली दुसऱ्या दिवसाची तारीख आहे,
सवयीने लिहिलेली.